बारा यंत्रांचा एक नंबर

४ जानेवारी

मावशी,

बसमध्ये चढताना तू मला पाया पडू दिलं नाहीस, म्हणून नमस्कार कागदावरच घे. नीट पोचलात का? फोन केला असता, पण तुमच्या घरात एकच फोन, आणि त्यावर कोण काय बोललं ते काकांना सगळं ऐकू जातं. मेसेज पाठवावा तर काकांना दिसत नाही म्हणून तो फोनच मोठ्याने वाचून दाखवतो. तेव्हा आपलं पत्रच बरं.

निघताना तू विचारलंस, "आता माझा आवाज नक्की आहे कुठे?" मी घाईत "आहे आत" असं काहीतरी बोललो. ते मला लागून राहिलं आहे. नीट सांगतो.

तू दोन दिवस त्या फोम लावलेल्या खोलीत बसून जी वाक्यं बोललीस ती सगळी त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. रोज संध्याकाळी त्यांची एक प्रत तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये जाते. म्हणजे आवाज दोन ठिकाणी आहे. महिनाअखेर आमचं केंद्र सगळ्या पेशंटांचे आवाज एकदमच बनवायला पाठवतं. मग तू यंत्रावर टाइप करशील ते यंत्र तुझ्या आवाजात बोलेल. तुझं घशाचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला, म्हणजे त्यात आवाज गेला तरी तू दवाखान्यातून घरी येईपर्यंत हा तयार असेल.

रेकॉर्डिंगच्या खोलीतला कॉम्प्युटर नवा आहे. असे बारा नवे आले, ते मीच बसवले. एक आधी मनासारखा तयार केला, त्यात लागतील ती सॉफ्टवेअर घातली, आणि त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्या अकरांमध्ये उतरवली. याला क्लोन करणं म्हणतात. प्रत्येकात एक छोटं सॉफ्टवेअर असतं, ते मधूनमधून सर्व्हरला हाक मारतं: मी जागा आहे, माझ्यासाठी काही काम आहे का? सर्व्हरवरून हुकूम सोडला की ते तो पाळतं. खुर्ची न सोडता वीस कॉम्प्युटर सांभाळता येतात.

एकच गोष्ट खटकते. जुने आठ आणि हे बारा मिळून सर्व्हरच्या पडद्यावर वीस नावं दिसायला हवीत. दिसतात नऊ. आणि ते नववं नाव सारखं बदलतं. सकाळी 'स्वागतकक्ष' असतं, जेवून येईपर्यंत 'हिशेब' झालेलं असतं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "दिसतील रे हळूहळू. तू फार कीस काढतोस." माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, म्हणून गप्प बसलो.

घसा जप. काकांशी भांडण आलंच तर हळू आवाजात भांड.

तुझा भाचा

*

८ जानेवारी

हेडक्लार्क,

समास सोडून, पट्टीने ओळी आखून मावशीला पत्र लिहिणारा भाचा साऱ्या जगात मला एकटीलाच मिळाला असेल. पत्र उघडलं की वाटतं, आता खाली शिक्का असणार.

पोचलो नीट. बसमध्ये तुझे काका शेजारच्या माणसाला रस्ता सांगत होते. डोळे गेले तरी ट्रक ड्रायव्हरकी गेलेली नाही. खड्डा आला की म्हणायचे, "हा पुलाअलीकडचा." आणि खरंच पूल यायचा.

माझा आवाज दोन ठिकाणी आहे हे वाचून बरं वाटलं. मी घरात एका ठिकाणी असते तर एवढा गोंधळ. तू दिलेली ती वाक्यं मात्र काय रे भिकार होती! 'आज हवा स्वच्छ आहे.' 'कृपया मला पाणी द्या.' तीस वर्षांत मी यांना 'कृपया' म्हटलं असेल तर शपथ. म्हणून तर शेवटी हट्टाने माझी वाक्यं घातली. तू बाहेर काचेतून हसत होतास, दिसलं मला.

पण खरं सांगू, हसण्यासारखं नाही ते. माणसं समजतात, काका काठीने चालतात. काठी नुसती हातात असते, ते चालतात माझ्या तोंडावर. "पायरी." "दार अर्धं उघडं आहे." "डावीकडे बादली." शिवणयंत्रावरून मान वर न करता मी सांगत असते आणि ते न थांबता चालत असतात. मागे सरकायचं असलं की मी ट्रकच्या क्लीनरसारखी ओरडते, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" काका लोकांना म्हणतात, माझी क्लीनर गाडीच्या मालकिणीसारखी वागते.

मी लिहून दिलं तर त्यांना वाचता येणार नाही. खुणा केल्या तर दिसणार नाहीत. म्हणून तो आवाज हवा, हेडक्लार्क. गोड नको. माझा हवा.

नऊ दिसोत नाहीतर नव्वद, तू जेवणाची वेळ चुकवू नकोस.

मावशी

*

१४ जानेवारी

मावशी,

घाईत लिहितो आहे. तुझी काही वाक्यं जरा घोगरी आली आहेत. पुन्हा केलेली बरी. अठ्ठावीसला अजून अवकाश आहे. तू आणि काका या आठवड्यात दोन दिवस येऊ शकाल का? तिकिटं मी काढतो, राहायचं माझ्याच खोलीवर. रेकॉर्डिंगची खोली मी अडवून ठेवली आहे.

नाही म्हणू नकोस. डॉक्टरांनी बोलू नको म्हटलं असलं तरी दोन दिवस चालेल ना? विचारून घे.

हे पत्र मिळताच निघ. लिहीत बसू नकोस.

तुझा भाचा

*

१८ जानेवारी

हेडक्लार्क,

घोगरी म्हणे! लहानपणी तुझ्या शाळेच्या सदऱ्याचं बटण एका दोऱ्याच्या जाडीने सरकलं तर तू रडायचास. मी शिवणारी बाई, तेव्हाही हात टेकले होते. आता माझ्या आवाजातल्या सुरकुत्या मोजतोस? आहे तसा असू दे. काकांनी तोच ऐकला आहे इतकी वर्षं, त्यांची तक्रार नाही.

आम्ही काही येत नाही. काकांचा गुडघा धरला आहे, आणि माझ्याकडे एका लग्नघरचे कपडे शिवायला पडले आहेत. आहे ते पाठव त्या लोकांकडे.

पेन्सिलीने लिहिलं आहे, चालवून घे. पेन काकांनी कुठे ठेवलं त्यांनाच ठाऊक.

आणि पत्रात तुझ्या ओळी वाकड्या का आल्या आहेत? ताप आहे का?

मावशी

*

२१ जानेवारी

मावशी,

वाक्यं घोगरी आलेली नाहीत. वाक्यं राहिलेलीच नाहीत. तुझं पत्र वाचून कळलं की खोटं बोलून मी तुला बोलावू शकत नाही. म्हणून खरं लिहितो, आणि अजून सात दिवस हातात आहेत म्हणून आशेने लिहितो.

स्वागतकक्षातला नवा कॉम्प्युटर बिघडला. चालता चालता आपोआप बंद पडायचा. दुकानदार बदलून देणार होता. पण त्यात पेशंटांची नावं आणि पत्ते, तेव्हा परत देण्याआधी तो कोरा करायला हवा. सर्व्हरवरून तसा हुकूम सोडता येतो. दहा तारखेला मी तो सोडला. पडद्यावर नाव 'स्वागतकक्ष' होतं. मी तीन वेळा वाचलं, बोट ठेवून वाचलं, मगच बटण दाबलं.

नाव बरोबर होतं. चूक नावात नव्हती.

पडद्यावर आपल्याला नावं दिसतात, पण सर्व्हर नावावर जात नाही. प्रत्येक कॉम्प्युटरमधल्या त्या छोट्या सॉफ्टवेअरला पहिल्यांदा सुरू होताना एक नंबर मिळतो, सर्व्हरच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे तो नंबर. मी पहिला कॉम्प्युटर तयार केला तेव्हा त्याला नंबर मिळाला होता. मग मी त्याची नक्कल केली, ती नंबरासकट. बाराही जण एकच नंबर सांगून हाक मारत होते. सर्व्हरला वाटत होतं, हा एकच आहे आणि हा सारखं नाव बदलतो आहे. म्हणून नऊ दिसत होते. नक्कल करण्याआधी तो नंबर पुसायचा असतो. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

मी हुकूम सोडला आणि त्याच क्षणी स्वागतकक्षातला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. हुकूम त्या नंबरासाठी थांबून राहिला. पुढची हाक आली ती तुझ्या खोलीतून. नंबर तोच. सर्व्हरने हुकूम त्याच्या हातात दिला. मी जिन्यावरून वर गेलो तेव्हा पडदा काळा होता.

तरी मी घाबरलो नाही, कारण सर्व्हरमध्ये प्रत होती. उघडली. आत स्वागतकक्षातले कोरे फॉर्म होते. प्रतीही नंबरावरच ठेवल्या जातात, मावशी. बारा जण रोज संध्याकाळी एकाच खणात आपापलं सामान टाकत होते, आणि जो शेवटी यायचा तो आधीच्याचं काढून फेकायचा.

दहापासून चौदापर्यंत मी तो कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे फिरलो. तिघांनी हात वर केले. काहीतरी परत मिळेल आणि मग तुला सांगायलाच नको, अशी आशा होती. तुझ्याआधीचे आवाज जुन्या कॉम्प्युटरवर होते, ते शाबूत आहेत. गेला तो फक्त तुझा.

आता तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर स्वतंत्र नंबराचा करून घेतला आहे. तू ये. दोन दिवस नाही तर एक दिवस ये. 'कृपया' वगैरे नको, तुझीच वाक्यं बोल. मी तुमच्या गावी येऊन घेऊन जाऊ का? शिव्या वाटेत घाल.

तुझा भाचा

*

२९ जानेवारी

बाळ,

माझं ऑपरेशन बारा तारखेला झालं.

अकराच्या संध्याकाळी श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, गाठ वाढली आहे, अठ्ठावीसपर्यंत थांबता येणार नाही. रातोरात भरती केलं. तुझं घोगऱ्या वाक्यांचं पत्र शेजारणीने घरून दवाखान्यात आणून दिलं. उत्तर मी पलंगावर आडवं पडून लिहिलं. वर तोंड केलेलं पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल. काकांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, आणि लग्नघरचे कपडे मी परत करून टाकले होते.

तुला कळवलं नाही, कारण तू नोकरी टाकून धावत आला असतास. पक्का होईपर्यंत तरी थांबावं, असं मी ठरवलं. शिवाय गळ्याला भोक पडलेली मावशी तू बघण्याआधी मला एकदा आरशात बघायची होती.

तुझं त्यानंतरचं पत्र वाचलं आणि उशीखाली ठेवलं. दोन दिवस त्याला हात लावला नाही. मला राग आला होता. तुझा आला होता, नंबराचा नाही. 'जाऊ दे' असं मी लिहिणार नाही, कारण जात नाही ते.

काका पलंगाशेजारी स्टुलावर बसतात. मी पलंगाच्या दांडीवर टिचकी मारते, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एवढाच आमचा संसार चालू आहे. येईल त्या नर्सला सांगतात, "महिनाअखेर आमची क्लीनर कामावर परत येणार आहे. मग बघा, तुमच्या वॉर्डात शांतता राहायची नाही." नर्स हसतात. मी दांडीवर एक टिचकी मारते.

काल उशी हलवताना विचारलं त्यांनी, "कागद कसला वाजतोय गं?" मी काय करणार? एकही टिचकी मारली नाही.

हे मला त्यांना सांगता येणार नाही. टिचक्यांत एवढं बसत नाही. तूच फोन कर आणि तूच सांग. आडवळणं घेऊ नकोस. ड्रायव्हर माणूस आहे, त्यांना सरळ रस्ता आवडतो.

मावशी

*

८ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर काका काय बोलले ते तू ऐकलंच असशील, पण मला ते लिहून टाकल्याशिवाय राहवत नाही. मी सगळं सांगितलं. नंबर, हुकूम, कोरे फॉर्म. काका म्हणाले, "म्हणजे आता गाडी मागे कुणाच्या भरवशावर घ्यायची रे?" आणि मग माझ्या जेवणाची चौकशी केली. त्यापेक्षा थोबाडीत मारायला हवी होती.

दहा तारखेला तू बोलत होतीस. हे मी कितीदा मनात म्हटलं असेल. हुकूम सोडला त्याच दुपारी तुला फोन केला असता, काकांना ऐकू गेलं असतं तर गेलं असतं, अकराच्या सकाळी तू फोनवर दोन-चारशे शब्द तरी बोलली असतीस. 'पायरी' बोलली असतीस. 'बस्स' बोलली असतीस. मी ते चार दिवस मेलेल्या डिस्कमागे घालवले, कारण मला तुझ्यासमोर चुकायचं नव्हतं.

साहेबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. म्हणाले, "यादीत नऊ दिसतात हे तू मला सांगितलं होतंस." त्यांचाही चेहरा उतरला होता. बाकीच्या अकरा कॉम्प्युटरांचंही सॉफ्टवेअर बंद करून मी त्यातला नंबर काढून टाकला आणि एकेकाला वेगळं सुरू केलं. प्रत्येकाने आपापला नवा नंबर घेतला. सर्व्हरवरची जुनी नोंद पुसली. आता पडद्यावर वीस नावं दिसतात. बघवत नाहीत.

तुझं यंत्र कुरिअरने पाठवलं आहे. त्यात तयार असे तीन बायकांचे आवाज आहेत. तिन्ही ऐकले. एक बातम्या देते, एक लहान मुलांशी बोलल्यासारखी बोलते. तिसरीचा त्यातल्या त्यात चढा आहे, तो लावला आहे. तुझा नाही, हे मला ठाऊक आहे.

'पायरी', 'दार', 'बादली', 'बस्स' यांना वेगळी बटणं करून दिली आहेत, म्हणजे टाइप करायला लागणार नाही.

तू बोलावशील तेव्हा येईन. नाही बोलावलंस तर येणार नाही.

तुझा भाचा

*

३ मार्च

हेडक्लार्क,

पुन्हा हेडक्लार्क म्हणते आहे, यावरून काय समजायचं ते समज.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. यंत्र चालतं. बटणं तू नीट केली आहेस. 'पायरी' दाबलं की ती बाई लगेच 'पायरी' म्हणते. अडचण वेगळीच आहे.

पहिल्या दिवशी तिने 'पायरी' म्हटलं आणि काका जागच्या जागी थांबले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग पायरी उतरले आणि म्हणाले, "आभारी आहे हं." मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. घरात परकी बाई आली की ते असेच होतात, सगळी ट्रकची भाषा बंद. त्यांना माहीत आहे की टाइप मीच करते. विचारलं तर म्हणतील, "तूच ना, कळतंय मला." पण कानाला कळत नाही. मोठ्याने ढेकर देत नाहीत. बनियनवर बसत नाहीत. मी चिडून काहीबाही टाइप करते, 'टॉवेल पुन्हा ओला टाकलात', तर ती बाई ते इतक्या नम्रपणे सांगते की हे उठून टॉवेल वाळत घालतात आणि वर तिची माफी मागतात.

आमचं भांडण बंद झालं आहे रे. बोलणं बंद झालं त्यापेक्षा हे जास्त लागतं. रात्री अंथरुणात ते माझा हात चाचपून धरतात तेव्हा मी मी असते, आणि सकाळी यंत्र सुरू केलं की पाहुणी होते. काल हे शेजारणीला म्हणाले, "हिचं लक्ष असतं हो माझ्याकडे, पण ही घरी नसल्यासारखी वाटते."

आता तुझं काम. मला या गोष्टी त्या बाईच्या तोंडून सांगायच्या नाहीत. तुझा आवाज त्यांच्या कानाला घरातला आहे, तू इथे वाढलास. गुरुवारी संध्याकाळी फोन कर. मी समोरच असेन. खाली लिहिलं आहे ते त्यांना वाचून दाखव. आहे तसं वाच, स्वतःचं काही घालू नकोस, आणि रडायचं झालं तर फोन ठेवल्यावर रड. पुढच्या गुरुवारी दुसरा कागद पाठवीन. माझा आवाज तुझ्याकडून गेला आहे, तेव्हा ही नोकरी तुझी, आणि ती पक्की आहे.

वाच:

अहो, ही मी आहे. वाचतोय भाचा, पण बोलतेय मी. मध्ये 'हॅलो हॅलो' करू नका.

त्या यंत्रातल्या बाईला घाबरायचं काही कारण नाही. तिला काही येत नाही. तिला तुमच्या ट्रकचा नंबर माहीत नाही, तुम्ही घाटात ब्रेक गेल्यावर देवाला काय कबूल केलं होतं तेही माहीत नाही. तिचे आभार मानलेत की मला तोंडात मारल्यासारखं होतं.

परवा भाजी खाऊन तुम्ही म्हणालात, "छान झाली आहे." संसार सुरू झाल्यापासून तुम्ही माझ्या भाजीला छान म्हटलेलं नाही. 'चालेल' म्हणता, फार तर 'बरी आहे'. त्या भाजीत मी मीठ घालायचं विसरले होते. अजिबात मीठ नव्हतं. मी समोर बसून खात होते, मला कळलं, आणि मी बघत होते तुम्ही काय म्हणता ते. तुम्ही सगळी संपवलीत.

असं माझ्याशी वागू नका. मी अजून मेलेली नाही. आज पुन्हा तीच भाजी केली आहे, आणि आज मुद्दामच मीठ घातलेलं नाही. ताट तुमच्या पुढ्यात आहे. मी तुमच्या उजव्या हाताला बसले आहे.

जेवा, आणि ओरडा माझ्यावर.